वेल्ड केलेला भाग पुन्हा तिथंच का तुटतो? जुन्या मोटारसायकलींच्या तुटक्या धातूचं समस्या निवारण

बुलेटच्या साईड स्टँडचा कान तुटला, वेल्ड केला, पावसाळा सरायच्या आत पुन्हा तुटला. येझ्दीच्या सायलेन्सरची पट्टी वर्षातून एकदा नाक्यावरच्या वेल्डरकडं जातेच. इंजिनच्या चेंबरला (केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला) आर्गॉन मारून, म्हणजे आर्गॉन वायूखाली वेल्ड करून आणलं, तरी गाडी उभी केल्या जागी तेलाचा डाग दिसतोच. जुनी गाडी बाळगणाऱ्याला यातलं एक तरी दुखणं माहीत असतं, आणि दर वेळी खापर वेल्डरच्या डोक्यावर फुटतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा त्याचा दोष नसतो. धातू कोणता हे कुणी पाहिलेलं नसतं, किंवा तो मुळात का तुटला याचा शोध घेतलेला नसतो. वेल्ड शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारी दोन-तीन मिलिमीटरवर नवा तडा जातो.

खालचं सगळं आपल्याकडं अजून फिरणाऱ्या गाड्यांना धरून लिहिलंय: मद्रासच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकवाल्या बुलेट, म्हैसूरच्या जावा आणि येझ्दी, राजदूत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडून निघून इथंच राहिलेल्या बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल यांसारख्या इंग्रजी गाड्या.

आधी तुटलेलं तोंड वाचा

तुकडा हातात आला की पहिला मोह होतो तो ग्राइंडर लावायचा. तो आवरा, कारण एकदा घासलं की पुरावा गेला. डिझेलनं किंवा रॉकेलनं धुवा, उन्हात धरा, साधं भिंग घ्या आणि तुटलेल्या पृष्ठभागाकडं नीट बघा.

एका बाजूला गुळगुळीत, बारीक वक्र रेषांचा भाग आणि दुसऱ्या बाजूला खरबरीत चमकदार दाणा दिसला, तर तो थकव्याचा तडा आहे. हादरे बसून बसून तो हळूहळू आत सरकत गेला आणि शेवटी उरलेला भाग एकदम सुटला. गुळगुळीत भाग काळा किंवा गंजलेला असेल, तर तडा कित्येक महिने तिथं होता. सगळंच तोंड ताजं आणि दाणेदार असेल, तर एकाच जोरदार धक्क्यानं तुटलंय: गाडी पडली, चेन तुटून आपटली, कुणी हातोडी घातली.

आता जुन्या वेल्डच्या हिशेबानं बघा. वेल्डच्या मधोमध फुटलंय आणि आत बारीक छिद्रं किंवा काचेसारखा मळ अडकलाय, तर काम खराब होतं. वेल्डची पट्टी सालीसारखी सुटून आली आणि खाली मूळ क्रोम किंवा गंज तसाच दिसला, तर साफसफाई झाली नव्हती किंवा करंट कमी होता. या दोन्ही वेळा वेल्डरला बोलायला हरकत नाही. पण वेल्ड जसाच्या तसा आणि तडा त्याच्या कडेला समांतर गेलेला असेल, तर चांगल्या वेल्डरकडून पुन्हा तेच करून घेतलं तरी पुन्हा तेच होणार.

धातू ओळखणं

लोहचुंबक, कानस, छिन्नी आणि ग्राइंडर एवढ्या सामानावर बहुतेक निवाडा होतो. चुंबक चिकटला तर लोखंडाच्या घराण्यातलं. ग्राइंडरखाली लांब, गवती पिवळ्या ठिणग्या उडाल्या तर माइल्ड स्टील. ठिणग्या आखूड आणि चाकाजवळ मळकट लाल असतील तर बीड. छिन्नी मारली की स्टीलची साल वेटोळं घेत निघते, बिडाचा चुरा पडतो. ठिणग्यांना झुडपासारखे भरपूर फाटे फुटत असतील तर जास्त कार्बनचं पोलाद. ते साध्या रॉडनं जोडलं की शेजारी कडक आणि ठिसूळ होतं. किकचा शाफ्ट याच जातीचा.

चुंबक चिकटला नाही आणि ठिणगीही नाही, तर ॲल्युमिनियम, जस्ताचा मिश्रधातू किंवा मॅग्नेशियम. जुन्या अमाल कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. हातात जड लागते आणि ४०० अंशांच्या आतच वितळते. तिच्यावर आर्गॉन धरलं तर टेबलावर राखाडी डबकं उरेल. मॅग्नेशियम मुख्यतः रेसिंगसाठी बनलेल्या इंजिनांत सापडतं. ते ॲल्युमिनियमपेक्षा बरंच हलकं असतं, आणि घासून उघड्या केलेल्या जागेवर व्हिनेगरचा थेंब टाकला की लगेच बुडबुडे येतात. ॲल्युमिनियमवर तसं काही होत नाही. बुडबुडे आले तर ग्राइंडर बाजूला ठेवा. मॅग्नेशियमचा भुगा पेटतो आणि पाणी मारलं की आणखी भडकतो. ते काम त्याच धातूचा सराव असलेल्या माणसाचं.

स्टीलच्या पट्ट्या, कान आणि स्टँड

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच. एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा पूर्णपणे काढता येत नाही. पिस्टनचं वजन क्रँकच्या वजनानं तोललं तरी थोडा हादरा उरतोच, आणि तो चेसिसवर लटकलेल्या प्रत्येक पट्टीच्या मुळाशी जाऊन बसतो. म्हणून वेल्डिंगचं मशीन काढण्याआधी फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन चेसिसला धरणारे बोल्ट, तपासा. नुसते घट्ट आहेत का एवढंच नको. बोल्ट काढा आणि भोकं लंबगोल झालीत का ते बघा. बुलेटच्या हेडपासून चेसिसला जाणारी पट्टी पुष्कळ गाड्यांवर नसतेच. कुणीतरी कधीतरी हेड उघडलं आणि ती परत बसवायचा कंटाळा केला. ती नसेल तर मडगार्डच्या पट्टीपासून हेडलाइटच्या कानापर्यंत एकेक गोष्ट तडकत जाते.

सायलेन्सरच्या पट्टीचं दुखणं वेगळं. येझ्दी आणि जुन्या जावाला एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. सिलिंडरकडचा नट आधी पूर्ण आवळला आणि मग मागं पट्टीचं भोक जुळत नाही म्हणून सायलेन्सर ओढून बोल्ट घातला, तर ती पट्टी पहिल्या किकेच्या आधीच ताणलेली असते. वर उष्णतेनं पाइप लांबतो. अशी पट्टी दुप्पट जाड केली तरी तुटते, फक्त मग तुटते ती चेसिसच्या बाजूला, जिथं दुरुस्ती जास्त महाग. सगळे बोल्ट ढिले ठेवा, सायलेन्सर आपसूक बसेल तसा बसवा, भोक जुळत नसेल तर पट्टी वाकवा किंवा भोक कानसा, आणि मग पुढून मागं आवळत या.

आता वेल्डिंग. जुन्या वेल्डवर नवा वेल्ड चढवू नका. तिथं आधीच दोन-तीन थर असतील तर सगळे काढून मूळ धातूपर्यंत जा. तडा जिथं संपतो असं वाटतं त्याच्या थोडं पुढं सुमारे ३ मिमीचं भोक पाडा. तड्याचं टोक त्या भोकात आलं पाहिजे, नाहीतर तो वेल्डखालून पुढं चालत राहील. मग दोन्ही बाजूंनी व्हीच्या आकाराचा चर काढा. आजूबाजूचा इंचभर भाग रंग, क्रोम, जस्त सगळं काढून चकचकीत करा.

तीन मिमीच्या पट्टीला अडीच मिमीचा ६०१३ रॉड आणि ७० ते ८० अँपिअर पुरतात. जाड स्टँडच्या कानाला ७०१८ चांगला, कारण त्याच्या वेल्डमध्ये हायड्रोजन कमी राहतो आणि तो ताण जास्त सोसतो. पण ७०१८ पाकीट फोडून शेल्फवर महिनाभर ठेवलेला असेल, आणि त्यातून कोकणातला जुलै असेल, तर त्याचा फायदा शून्य. त्याच्या आवरणानं हवेतलं पाणी पिऊन घेतलेलं असतं आणि तेच हायड्रोजन होऊन वेल्डशेजारी तडा पाडतं. असा रॉड ३०० अंशांच्या वर भट्टीत वाळवावा लागतो. रॉड उन्हात ठेवून काम भागत नाही. भट्टी नसेल तर सीलबंद नवं पाकीट आणा.

वेल्ड सुरू आणि बंद कुठं करता याला फार महत्त्व आहे. कानाच्या कोपऱ्यावर रॉड सुरू करून दुसऱ्या कोपऱ्यावर सोडला, तर नेमकं जिथं ताण जास्त तिथंच खड्डा राहतो. कोपऱ्याला वळसा घालून पुढं जा आणि मधल्या भागात थांबा. नंतर वेल्डची कड, म्हणजे जिथं तो मूळ धातूला भेटतो ती रेघ, बारीक फ्लॅप डिस्कनं हलकेच उतरती करा. मोठा फुगीर वेल्ड मजबूत दिसतो, पण ताण त्याच्या कडेला येऊन साचतो.

चेसिसच्या नळीवर पॅच घालायचा तर चौकोनी तुकडा नको. त्याची टोकं नळीला आडवी येतात आणि नवा तडा तिथूनच निघतो. पॅच होडीच्या आकाराचा, दोन्हीकडं निमुळता कापा आणि टोकाशी आडवा वेल्ड मारू नका.

अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ, त्याच भागावर लावा आणि बॅटरीची तार काढून ठेवा. क्लॅम्प मागच्या चाकाला आणि वेल्ड पुढं असं केलं, तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. महिनाभरानं बेअरिंग गुरगुरायला लागतं आणि त्याचा संबंध वेल्डिंगशी कुणीच जोडत नाही.

इंग्रजी चेसिसचे ओतीव सांधे

बीएसए, नॉर्टन, मॅचलेसच्या त्या काळच्या बऱ्याच चेसिसमध्ये नळ्या एकमेकींना थेट वेल्ड केलेल्या नसतात. ओतीव सांध्यात नळी घालून पितळी भरणानं जोडलेल्या असतात. हे सांधे बहुधा मॅलिएबल बिडाचे. असं बीड आधी पांढरं, काचेसारखं ठिसूळ ओततात आणि मग कित्येक तास भट्टीत तापवून त्यातला कार्बन गोळ्यांच्या रूपात बाजूला काढतात. त्यामुळं ते मार सोसतं. आर्क मारला की वितळलेला थर आणि त्याच्या शेजारचा भाग पुन्हा पांढरा, ठिसूळ होतो. कारखान्यात तासन् तास तापवून आणलेला गुण एका मिनिटात जातो. कानस लावून बघा, त्या जागी ती नुसती घसरते.

इथं पितळी जोड, म्हणजे गॅसवरचं ब्रेझिंगच योग्य. पितळी रॉड साधारण ८७० ते ९०० अंशांना वितळतो, बीड त्याच्या बरंच वर, ११५० च्या पुढं. म्हणजे मूळ धातू वितळवायची गरजच पडत नाही. टाकणखार किंवा तयार फ्लक्स वापरा, ज्योतीत ऑक्सिजन किंचित जास्त ठेवा आणि लोखंड मंद चेरीच्या रंगापर्यंत येऊ द्या. पितळ पसरत सांध्यात ओढलं गेलं पाहिजे. पांढरा धूर निघायला लागला तर जस्त जळतंय, ज्योत मागं घ्या. काम झालं की हवेत निवू द्या. पाणी मारायचं नाही. वर राहिलेली फ्लक्सची काच गरम पाण्यानं आणि ब्रशनं काढून टाका, नाहीतर तिच्याखाली तडा लपतो आणि गंजही धरतो.

एक गुंता वारंवार भेटतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. तुटलेल्या सांध्यावर कुणी पूर्वी पितळ लावलेलं असतं आणि नवा वेल्डर त्यावरच आर्क मारतो. वितळलेलं पितळ तापलेल्या, ताणलेल्या स्टीलच्या दाण्यांच्या मधल्या फटींत शिरतं आणि स्टील आतून फाटतं. वेल्ड होता होताच किंवा निवताना बारीक तडे जातात. पितळाचा पिवळा अंश दिसला तर आर्क बंद. एक तर सगळं पितळ कानसून पूर्ण काढा (सांध्याच्या आत गेलेलं निघत नाही, हे लक्षात ठेवा), नाहीतर पितळावरच राहा. मी दुसरा मार्ग सुचवेन.

रेनॉल्ड्स ५३१ नळीलाही हाच नियम. मँगनीज-मॉलिब्डेनमचं हे पोलाद १९३५ सालचं. नॉर्टनच्या रेसिंग फेदरबेड चेसिसमध्ये ते ब्राँझनंच जोडलेलं होतं. अशी नळी साध्या आर्कनं जोडली की कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो.

कुठलंही चेसिस तापवण्याआधी इंजिनाच्या जागी रिकामी केस बोल्टनं आवळून ठेवा. तसं केलं नाही तर निवताना नळ्या ओढल्या जातात आणि नंतर इंजिन बसत नाही.

बिडाचा ब्लॉक

जुन्या बुलेटच्या ब्लॉकची पाकळी (हवेनं थंड होण्यासाठी असलेली बाहेरची पातळ पट्टी) तुटणं हे कुणी तरी पाना चुकीच्या जागी टेकवल्याचं फळ. एखादी पाकळी थोडी तुटली असेल तर खरं सांगायचं तर तशीच राहू द्या. इंजिन तेवढ्यानं तापत नाही. दिसायला वाईट एवढंच. पण तडा पायथ्याच्या बाजूला, स्टडच्या भोकाकडं जात असेल तर दुर्लक्ष चालणार नाही.

बिडात कार्बन अडीच ते चार टक्के. ते ताणलं की लांबत नाही, फुटतं. एकाच जागी वेल्ड केला की ती जागा पसरते, निवताना आक्रसते आणि शेजारचं थंड बीड तेवढं सरकायला तयार नसतं. वेल्डिंग झाल्यावर पंधरा मिनिटांनी 'टिंग' असा आवाज आला तर समजा की नवा तडा गेला.

यावर दोन रीती. पहिली पूर्ण गरम: सगळा ब्लॉक भट्टीत ५०० ते ६५० अंशांपर्यंत सावकाश नेऊन बिडाच्याच रॉडनं गॅसवर भरणे आणि मग राखेत किंवा चुन्यात पुरून दुसऱ्या दिवशीपर्यंत निवू देणे. जोड रंगानं आणि गुणानं मूळ बिडासारखा होतो. कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या भागात बिडाच्या फाउंड्र्या मुबलक आहेत, त्यामुळं तिथल्या लोकांना भट्टीची सोय बघणं सोपं. इतरांना दुसरी रीत: निकेलचा रॉड. ९९ टक्के निकेलचा रॉड मऊ उतरतो आणि कानस, ड्रिल सगळं घेतो. ५५ टक्क्यांचा थोडा स्वस्त आणि जाड भागाला जास्त दमदार. करंट कमी, एका वेळी इंचभराच्या आतच ओळ, ती लाल असतानाच गोल डोक्याच्या हातोडीनं हलके ठोके, आणि मग हात लावता येईल इतकं निवेपर्यंत थांबणे. पुढची ओळ शेजारी न मारता तड्याच्या दुसऱ्या टोकाला. इथं घाई करणाऱ्याला काम देऊ नका. चार इंचांच्या तड्याला अर्धा दिवस लागतो आणि तो लागू द्यावा.

दोन्ही रीतींत बोअर वाकडं होतं. ३५० बुलेटचं बोअर ७० मिमी, आणि पिस्टनची फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजायची. म्हणून क्रम कायम एकच: आधी वेल्डिंग, मग बोअरिंग आणि होनिंग. नवं बोअर करून आणलेल्या ब्लॉकला नंतर 'जरा तेवढं टाकून द्या' म्हणणारे भेटतात, आणि मग पिस्टन चिकटला की दोष ऑइलला देतात.

इंजिनची केस आणि आर्गॉन

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथं वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

केस फुटते कशानं? चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली की तिथली भिंत फोडते. ड्रेन प्लग मोठ्या पान्यानं आवळला की कान तडकतो. फाउंडेशन बोल्ट ढिला राहिला की कान थकून तुटतो. पहिल्या प्रकारात चेन आणि स्प्रॉकेट बदलल्याशिवाय केस दुरुस्त करू नका. ड्रेन प्लगचे नुसते आटेच गेले असतील तर वेल्डिंगची गरजच नाही. हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) किंवा ब्रासचा बुश टाकून काम होतं.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर हवेत आपोआप बसणारा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या पुढं. म्हणून खालचं पाणी झालं तरी वरची साय फाटत नाही. टिगमध्ये, म्हणजे आर्गॉन वेल्डिंगमध्ये, एसी करंट लागतो तो यासाठी: लाटेची एक बाजू पापुद्रा फोडते, दुसरी धातू वितळवते. बाजारातली बरीच स्वस्त आर्गॉन मशिनं फक्त डीसी असतात, स्टील आणि स्टेनलेससाठी. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: 'दादा, मशीन एसी आहे का?' उत्तर गोलमाल आलं तर दुसरं दुकान.

पण खरा शत्रू आत मुरलेलं तेल. तीस-चाळीस वर्षं गरम तेल प्यायलेली ओतीव केस स्पंजासारखी असते. वरून चकचकीत घासली तरी आर्क लागला की आतून तेल उकळून वर येतं, काळी काजळी पसरते आणि वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. आर्गॉन मारूनही ठिबकणाऱ्या केसचं कारण बहुधा हेच.

तेल बाहेर काढायचं कसं? बेअरिंग, सील, स्टड सगळं उतरवा. डिटर्जंट आणि गरम पाण्यानं धुवा. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो तेलाबरोबर केसही खातो. मग भट्टीत किंवा हीट गननं १५० ते १८० अंशांपर्यंत तापवा. तड्यातून तेल पाझरताना दिसेल. पुसा, निवू द्या, पुन्हा तापवा. फडक्यावर डाग उमटायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवा. चर काढायला कार्बाइडचा बर (फिरणारी दातेरी कानस) वापरा. दगडाच्या चाकाचे कण मऊ धातूत रुतून बसतात. स्टेनलेसचा ब्रश नवा घ्या आणि तो फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवा. कुणी पूर्वी एम-सील किंवा दुसरं इपॉक्सी थापलं असेल तर रंगाखाली ते शोधून मुळापासून खरवडा. आर्कखाली ते जळतं आणि सगळा चर नासतो.

एवढं केल्यावरही चांगला वेल्डर पहिली फेरी भरण न घालता नुसती आर्क फिरवतो, वर आलेली घाण ब्रशनं आणि बरनं काढतो आणि मगच रॉड घेतो. तो हे करत असेल तर त्याला मधे टोकू नका. पैसे या मेहनतीचेच आहेत.

भरणाला ४०४३ रॉड, म्हणजे पाच टक्के सिलिकॉनचा. ओतीव केसमध्येही सिलिकॉन असतं, त्यामुळं तो नीट मिसळतो आणि निवताना तडकत नाही. ५३५६ हा मॅग्नेशियमवाला रॉड दुकानात सहज मिळतो म्हणून लावला जातो. सतत गरम राहणाऱ्या भागाला तो नको. केस १२० ते १५० अंशांपर्यंत सर्वत्र सारखी तापवा. तापमानाचा खडू मिळतो, तो वापरा. दोन्ही अर्धे एकमेकांना, किंवा एक अर्धा जाड प्लेटला बोल्टनं बांधून ठेवा. शेवटी आर्क झटकन न तोडता करंट हळूहळू उतरवा, नाहीतर टोकाला चांदणीसारखा तडा राहतो. झालं की जाड कापडात गुंडाळून निवू द्या.

तुकडाच हरवला असेल तर भंगारातून त्याच इंजिनाची केस शोधून तिच्यातून तो भाग कापून घेतलेला उत्तम. बेअरिंगच्या घराजवळ वेल्ड झाला असेल तर बेअरिंग हातानंच आत जातंय का ते बघा. जात असेल तर घर सैल झालंय आणि लेथवर जाणं भाग आहे. जोडाचं तोंड काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर हलकं घासून तपासा, कुठला भाग घासला जात नाही ते बघा.

गळतीची जुनी आणि खात्रीची परीक्षा: बाहेरून वेल्डवर खडूची पांढरी पूड ओली करून लावा आणि वाळू द्या, आतून रॉकेल किंवा डिझेल लावा. अर्ध्या तासात खडूवर ओला ठिपका उमटला तर छिद्र आहे. तिथलं घासून पुन्हा भरा, वरून रंग मारून झाकू नका. येझ्दी, जावा, राजदूत अशा टू-स्ट्रोक गाड्यांना हे जास्तच लागू, कारण तिथं केसमधूनच पेट्रोल-हवेचं मिश्रण जातं. टाचणीएवढ्या छिद्रातून हवा आत ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, आणि पिस्टन घाटात चिकटतो. इंजिन बांधल्यावर एग्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं बंद करून सुमारे ६ पीएसआय हवा भरा. काटा काही मिनिटं जागेवर राहिला पाहिजे.

हे वेल्ड करायचंच नाही

फोर्कच्या नळ्या, टी (फोर्कला चेसिसशी जोडणारा भाग) आणि तिचा दांडा, हँडल, एक्सल, ब्रेकचा आर्म, ब्रेक ड्रम, कनेक्टिंग रॉड. हे तुटले की माणूस रस्त्यावर पडतो. 'मूळचाच भाग हवा' हा हट्ट इथं सोडून द्या. तो तुकडा कपाटात ठेवा आणि गाडीला नवा बसवा. किकचा शाफ्ट जोडून मिळतो, पण कडकपणा गेलेला असतो. घरी पोचेपर्यंतचा इलाज म्हणून ठीक.

जिवाशी गाठ

पेट्रोलची टाकी महिनाभर रिकामी असली तरी आत वाफ असते आणि ती एका ठिणगीनं फुटते. टाकीच्या पत्र्याचं काम फक्त टाक्यांचंच काम करणाऱ्याकडं. भाग साफ करायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरला असेल तर तो पूर्ण उडाल्याशिवाय आर्क लावू नका. त्याची वाफ आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू बनवते. डब्यावर बघा आणि त्याऐवजी ॲसिटोन घ्या, तेही वाळवून. क्रोम आणि जस्त आधी घासून काढायचं ते जोड पक्का व्हावा म्हणून, आणि छातीत धूर जाऊ नये म्हणूनही.

गाडी जोडल्यावर

लाल पेनेट्रंट आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतात. लाल मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा मारा. तडा राहिला असेल तर लाल रेघ वर येते. सांध्यावर, स्टँडच्या कानावर आणि केसवर ही परीक्षा रंग देण्याआधीच करा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फाउंडेशन बोल्ट आणि हेडची पट्टी पुन्हा आवळा. दुरुस्त केलेल्या जागी सुरुवातीला फिकट रंगाचा पातळ प्राइमरच ठेवा, म्हणजे तडा गेला तर गंजाची बारीक रेघ लगेच दिसेल. पावडर कोटिंगचा जाड थर तडा महिनोन् महिने लपवतो, म्हणून चेसिस कोटिंगला द्यायचं ते पाचेकशे किलोमीटर चालवून, पुन्हा एकदा पेनेट्रंट मारून बघितल्यावर.